रुप्याचा टंच आणि पेरोजाचा रंग : चांदीच्या जडावी दागिन्यांची पारख

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर, दूधगंगेच्या दक्षिण तीराकडे, कोगनोळी हे कर्नाटकाच्या हद्दीतील शेवटचे गाव आहे. बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यातील हे मराठीभाषक गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते मुख्यतः टोलनाक्यामुळे. चोर्ला घाटातून बेळगावमार्गे कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनाला निघालेले गोमंतकीय याच नाक्यावरून पुढे कागलकडे जातात. कागलच्या ईशान्येस, हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ या गावात चांदीचे दागिने घडत आले असून पैंजण, तोडे, वाळे, जोडवी, मासोळ्या आणि करदोडे येथून देशभरच्या पेढ्यांवर जातात. हे काम एका गावापुरते उरलेले नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या खेड्यांतून घरोघरी कड्या जोडणे, घुंगरू लावणे, उजाळा देणे अशी कामे चालतात आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

या वाटेने परतणाऱ्या अनेक कुटुंबांच्या सामानात चांदीचा एखादा डाग असतो. गोव्यात पोहोचल्यावर त्याच कुटुंबातील एखादी मुलगी हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून निळ्या खड्याची, चांदीची म्हणून विकली जाणारी अंगठी घेऊन येते. तो निळा खडा म्हणजे पेरोज. कोणी त्याला फिरोजा म्हणतात, कोणी इंग्रजी नावाने टर्कॉइज म्हणतात. पैंजण आणि अंगठी या दोन वस्तूंची जात वेगळी असली तरी घेणाऱ्यापुढील प्रश्न एकच असतो : दिलेल्या पैशात धातू किती, खडा किती आणि कारागिरी किती? या तिन्हींचे हिशेब स्वतंत्र आहेत. ते एकत्र मिसळले गेले की बहुतेक फसवणूक तिथेच होते.

टंच म्हणजे काय

शंभर भाग वजनात शुद्ध चांदीचे भाग किती, हे सांगणाऱ्या आकड्याला सराफी भाषेत टंच म्हणतात. ऐंशी टंचाच्या पैंजणात शंभर ग्रॅममागे ऐंशी ग्रॅम चांदी आणि उरलेले वीस ग्रॅम बहुधा तांबे असते. मानकांच्या भाषेत हीच शुद्धता हजारात मोजतात; म्हणून ऐंशी टंच म्हणजे ८००, साडेब्याण्णव टंच म्हणजे ९२५. जगभर 'स्टर्लिंग' म्हणून ओळखली जाते ती चांदी ९२५ ची.

तांबे मिसळणे हा गैरप्रकार नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. शुद्ध चांदी मऊ असते. तिचा नाजूक कड्यांचा पैंजण केला तर तो चार दिवसांत वाकेल, कड्या ताणल्या जातील आणि घुंगरू गळतील. दिवसभर पायात राहणाऱ्या, जमिनीवर घासणाऱ्या दागिन्याला तांब्याचा कणखरपणा लागतोच. साठ-पासष्ट टंचाचे पैंजण बाजारात मुबलक असतात आणि ते तसे सांगून, त्या हिशेबाने विकले गेले तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. आक्षेप आहे तो टंच न सांगता 'चांदी' एवढाच शब्द उच्चारून शुद्ध चांदीचा भाव लावण्याला.

टंचाला आणखी एक बारीक कंगोरा आहे. कड्या जोडताना जी झाळ वापरतात ती मूळ धातूपेक्षा कमी तापमानाला वितळावी लागते. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून झाळीत तांबे, जस्त यांसारख्या धातूंचे प्रमाण वाढवतात. साहजिकच शेकडो सांधे असलेल्या जाळीदार पैंजणाची पट्टी कितीही चांगल्या टंचाची असली तरी संपूर्ण नग गाळल्यावर हाती येणारा टंच त्याहून खाली उतरतो. भरीव तोडा किंवा वाळा यांत हा फरक जवळपास नसतो. एकाच दुकानातून, एकाच टंचाचे म्हणून घेतलेले दोन नग मोडताना वेगवेगळी रक्कम देतात, याचे हे एक प्रामाणिक कारण आहे. मात्र याच कारणाआड अप्रामाणिकपणाही लपतो, कारण झाळ किती घातली हे बाहेरून दिसत नाही.

ठेव म्हणून चांदी

सीमाभागात चांदीकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहिले जात नाही. निपाणी हे तंबाखूचे आणि विड्यांचे गाव. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या किंवा घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला सोने परवडेलच असे नाही. तिची अडीअडचणीची ठेव म्हणजे पायातील पैंजण, दंडातील वाकी किंवा लेकराच्या कमरेचा करदोडा. मुलाची फी, आजारपण, पेरणी अशा वेळी हे डाग गहाण पडतात किंवा मोडले जातात. अशा घरात टंचाचा आकडा चुकला तर वर्षाची बचत चुकते.

हिशेबाच्या सोयीसाठी चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. प्रत्यक्ष भाव रोज बदलतो आणि तो त्या दिवशीचाच घ्यावा. दोनशे ग्रॅमचा पैंजणजोड साठ टंचाचा असेल तर त्यात शुद्ध चांदी १२० ग्रॅम, म्हणजे १२,००० रुपयांची. दुकानदाराने संपूर्ण २०० ग्रॅमला शुद्ध चांदीचा भाव लावला तर धातूचेच २०,००० होतात, शिवाय मजुरी वेगळी. पुढे मोडायला गेल्यावर समोरचा सराफ मात्र टंच काढूनच पैसे देतो आणि गाळताना होणारी तूटही वजा करतो. घेताना तांब्याला चांदीचा भाव दिला गेला होता, हे त्या दिवशी कळते. आठ हजारांचा हा फरक कारागिराच्या मजुरीत गेलेला नसतो, हेही येथे सांगायला हवे.

घाऊक व्यापारात हा घोळ होत नाही, कारण तेथे व्यवहार टंचावरच होतो. नगाचा टंच साठ आणि मजुरी दहा टक्के ठरली तर दोनशे ग्रॅम मालापोटी सत्तर टक्के, म्हणजे १४० ग्रॅम शुद्ध चांदी किंवा तिची त्या दिवशीची किंमत द्यायची, असा सरळ हिशेब असतो. व्यापारी एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत गिऱ्हाइकाने विचारणा केली तर निम्मे काम होते. 'टंच किती आणि मजुरी किती?' हा एक प्रश्न आणि त्याचे उत्तर पावतीवर, एवढी मागणी कोणत्याही पेढीवर करता येते.

गहाणाच्या बाबतीत अलीकडे महत्त्वाचा बदल झाला आहे. रिझर्व्ह बँकेने सोने आणि चांदी तारण ठेवून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी जून २०२५ मध्ये एकत्रित निर्देश काढले. त्यांच्या अंमलबजावणीची अंतिम तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यानुसार चांदीचे दागिने एका कर्जदारामागे १० किलोपर्यंत, तर चांदीची नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण घेता येतात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात तारणाच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा आहे. तपासणी कर्जदाराच्या समक्ष व्हावी, असेही हे निर्देश सांगतात. मूल्य ठरते ते केवळ धातूच्या शुद्ध भागावर. मजुरी आणि खडे यांना तेथे काहीही किंमत नाही. पेरोज जडवलेला चांदीचा हार गहाण ठेवला तर पेरोजाचे मूल्य शून्य धरले जाईल.

घरगुती कसोट्या

चांदी ओळखण्याच्या ज्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात त्यांपैकी बऱ्याच निरुपयोगी आहेत. चुंबकाला चिकटत नाही म्हणून चांदी खरी, असे मानले जाते. पण तांबे, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाहीत. चुंबकाने फक्त लोखंडाचा गाभा उघडा पडतो. बर्फ ठेवला की तो चांदीवर झपाट्याने वितळतो हे खरे, कारण चांदी ही उष्णतेची सर्वोत्तम वाहक धातू आहे. पण तांबे याबाबत तिच्या अगदी पाठोपाठ असल्याने या प्रयोगातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. खणखणीत आवाज काशाच्या वाटीलाही असतो.

दागिना काळा पडला म्हणजे तो खोटा, हा समज तर पूर्ण उलटा आहे. हवेतील गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, तोच काळेपणा. दमट हवेत ही क्रिया लवकर होते, त्यामुळे कोगनोळीला घेतलेला पांढराशुभ्र पैंजण पणजीत पावसाळ्यात काळवंडला तर त्यात नवल नाही. वर्षानुवर्षे मुळीच काळा न पडणारा दागिना एकतर ऱ्होडियमचा मुलामा दिलेला असतो किंवा चांदीचा नसतो. 'ऑक्सिडाइज्ड' या नावाने विकला जाणारा काळपट दागिना गंधकाच्या रसायनात बुडवून मुद्दाम काळा केलेला असतो; तो चांदीचाही असू शकतो आणि जर्मन सिल्व्हरचाही. नावावरून धातू कळत नाही. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये नाव वगळता चांदी कोठेही नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे.

घरी करता येण्याजोगी एक परीक्षा मात्र खरोखर उपयोगी आहे, ती पाण्यातील वजनाची. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. प्रथम दागिन्याचे कोरडे वजन करावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दागिना दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरावा. आता काटा जो आकडा दाखवेल तेवढे ग्रॅम पाणी दागिन्याने बाजूला सारले. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. शंभर ग्रॅम शुद्ध चांदी साडेनऊ ग्रॅम पाणी सारते. ऐंशी टंचाची सुमारे ९.९, साठ टंचाची सुमारे १०.२ आणि जर्मन सिल्व्हर साडेअकराच्या आसपास. जर्मन सिल्व्हर किंवा मुलामा दिलेले पितळ या परीक्षेत चटकन पकडले जाते. ऐंशी आणि साठ टंचातील फरक मात्र तीन-चार दशांश ग्रॅमचाच असल्याने त्यासाठी नग जड आणि काटा अचूक लागतो. पोकळ वाळे, लाख भरलेले डाग आणि खडे जडवलेले दागिने यांना ही रीत लावू नये; आत अडकलेली हवा किंवा हलका खडा संपूर्ण गणित बिघडवतो. पेरोजाला तर पाण्यात बुडवणेच टाळावे.

सराफाची कसोटी, म्हणजे काळ्या दगडावर रेघ ओढून तीवर आम्ल टाकणे, चांदीसाठीही वापरतात. नायट्रिक आम्लाचा थेंब तांबेप्रधान धातूवर पडला तर हिरवा फेस येतो. पण वरचा मुलामा कानसने थोडा खरवडल्याशिवाय ही परीक्षा करणे व्यर्थ आहे आणि आम्ल घरात हाताळण्याची वस्तू नव्हे. बहुतेक मोठ्या गावांत आता क्ष-किरणांवर चालणारे टंचयंत्र असते; मिनिटभरात ते धातूंची टक्केवारी छापून देते. हे यंत्र पृष्ठभागाचा अतिशय पातळ थरच वाचते, ही त्याची मर्यादा. जाड मुलाम्याखाली पितळ असले तर यंत्र बिनदिक्कत चांदी सांगेल. म्हणून तपासणी दागिन्याच्या झिजलेल्या जागी, कडीच्या आतील बाजूस आणि सांध्याजवळ अशी निदान तीन ठिकाणी करून घ्यावी. तिन्ही आकडे जवळपास आले तरच त्यांवर विसंबावे. अंतिम निर्णय मात्र नमुना विरघळवून केलेल्या रासायनिक पृथक्करणाचाच.

छाप आणि हॉलमार्क

कडीवर ठोकलेला '९२५' हा आकडा म्हणजे हॉलमार्क नव्हे. तो ठोकण्याचा छाप कोणालाही मिळतो. भारतीय मानक ब्युरोने सोन्यासाठी २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली हॉलमार्क योजना आणली. सोन्याला १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती झाली. चांदी ऐच्छिक राहिली आणि त्यामुळेच चांदीच्या बाजारात आजही विनाछाप माल सर्वाधिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, देण्याची सोय ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. अशा नगावर ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह व त्यासोबत चांदीचा उल्लेख, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक एवढ्या खुणा असतात. 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर क्रमांक टाकला की नगाचा प्रकार, शुद्धता आणि तपासणी केंद्र दिसते. अॅपवर 'पैंजण' दिसतो आहे आणि हातात अंगठी आहे, असे झाले तर क्रमांक दुसऱ्याच नगाचा आहे.

साठ टंचाचा पैंजण या योजनेत बसतच नाही, कारण मानकातील सर्वांत खालची पायरी ८०० ची आहे. हुपरीसारख्या ठिकाणी तयार होणाऱ्या हलक्या टंचाच्या मालाला त्यामुळे हॉलमार्क मिळणे शक्य नाही आणि तेथे पावतीवर लिहिलेला टंच हाच गिऱ्हाइकाचा आधार उरतो. ही योजनेतील मोठी पोकळी आहे. सर्वांत गरीब गिऱ्हाईक ज्या मालाचे आहे, त्याच मालावर सरकारी शिक्का नाही.

आणि ज्याने पेरोजाची अंगठी घेतली आहे त्याने हे ध्यानात ठेवावे की हॉलमार्क धातूबद्दल बोलतो, खड्याबद्दल नाही. अस्सल ९२५ चांदीच्या कोंदणात प्लॅस्टिकचा निळा तुकडा बसवला तरी अंगठीचा हॉलमार्क खराच असतो.

पेरोज

जुन्या मराठीत चांदीला रुपे म्हणत; कोकणीत आजही रुपेंच म्हणतात. पेरोज हा शब्दही जुना, फारसीतील 'फिरोज' म्हणजे विजयी, त्यावरून आलेला. इराणच्या खुरासान प्रांतातील निशापूरच्या खाणी या रत्नासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. युरोपात ते तुर्कस्तानच्या बाजारपेठांतून पोहोचले म्हणून फ्रेंचांनी त्याला 'तुर्की' दगड म्हटले. इंग्रजी नाव तेथून आले. आपल्या नवरत्नांत पेरोज नाही, त्याची गणना उपरत्नांत होते. तिबेटी आणि लडाखी लोकांत मात्र त्याचे स्थान फार वरचे. लडाखी स्त्रियांचा 'पेरक' हा शिरोभूषणाचा प्रकार पेरोजांनीच मढवलेला असतो. गोव्यापासून फार दूर नसलेल्या मुंडगोड येथे १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि किनाऱ्यावरील बाजारांत तिबेटी व काश्मिरी धाटणीचे दागिने बऱ्याच काळापासून विकले जातात. अमेरिकेत नावाहो आदिवासींच्या चांदीकामामुळे 'चांदी आणि पेरोज' ही जोडी जगभर लोकप्रिय झाली. आज बाजारातील पेरोजाचा मोठा पुरवठा चीनमधून होतो. अॅरिझोनातील 'स्लीपिंग ब्यूटी' या विख्यात खाणीतील पेरोजाचे उत्पादन २०१२ साली थांबले, तेव्हापासून त्या नावाचा दगड महागला आणि त्या नावाने विकले जाणारे भलते दगडही वाढले.

रासायनिकदृष्ट्या पेरोज हा तांबे आणि अॅल्युमिनियम यांचा, पाणी धरून ठेवणारा फॉस्फेट आहे. तांब्यामुळे तो निळा, लोहाचे प्रमाण वाढले की हिरवट. कठीणपणा मोह्सच्या मापावर ५ ते ६, म्हणजे साधारण काचेइतका. घनता २.६ ते २.९. दगड सच्छिद्र असतो आणि त्याचे गुण-दोष या सच्छिद्रतेतून येतात. घाम, तेल, साबण, अत्तर तो शोषून घेतो आणि कालांतराने निळ्याचा हिरवा होतो. खाणीतून निघणारा बराचसा पेरोज इतका ठिसूळ आणि फिका असतो की तसाच पैलू पाडणे शक्य नसते. मग त्यात पारदर्शक राळ मुरवतात. व्यापारात याला 'स्टॅबिलाइज्ड' म्हणतात. असा दगड खरा पेरोजच असतो, टिकाऊही होतो, पण त्याची किंमत नैसर्गिक, काहीही न मुरवलेल्या दगडाच्या तुलनेत पुष्कळच कमी. राळेसोबत रंगही मुरवला असेल तर आणखी कमी. पेरोजाची भुकटी राळेत कालवून ठोकळा करतात आणि त्याचे मणी कापतात. त्यात पेरोज असतो, पण तो रत्न म्हणण्याजोगा उरत नाही. १९७२ साली पियेर जिल्सन यांनी प्रयोगशाळेत तयार केलेला पेरोजही बाजारात आला.

याखेरीज सरळसरळ दुसरेच दगड आहेत. हौलाइट हा पांढरा, करड्या रेषांचा दगड निळा रंगवला की अजाण नजरेला पेरोजच वाटतो, मॅग्नेसाइटचेही तेच. दोन्ही सच्छिद्र असल्याने रंग सहज पितात. 'व्हाइट टर्कॉइज' या नावाने जो पांढरा दगड विकतात तो बहुधा हौलाइटच असतो.

पारख करताना दहापट दाखवणारे भिंग पुरेसे असते. मण्याच्या छिद्रात पाहावे : आतली कड पांढरी आणि बाहेर निळे असेल तर दगड रंगवलेला आहे. रंग भेगांत साचून गडद झाला असेल तरी तेच. खऱ्या पेरोजातील काळ्या-तपकिरी शिरा मूळ खडकाच्या असतात. बोट फिरवल्यास त्या जागी किंचित खोलगट लागते, कारण शिरेचा आणि दगडाचा कठीणपणा सारखा नसतो. छापलेल्या नक्षीसारख्या गुळगुळीत आणि प्रत्येक मण्यावर तंतोतंत एकसारख्या शिरा दिसल्या तर संशय घ्यावा. हौलाइटचा कठीणपणा साडेतीनच असल्याने त्याच्यावर पोलादी सुईचा ओरखडा सहज उमटतो, मात्र ही परीक्षा खड्याच्या मागच्या बाजूस आणि विक्रेत्याच्या संमतीनेच करावी. नखपॉलिश काढण्याचे अॅसिटोन कापसावर घेऊन मागे घासले असता कापूस निळा झाला तर हलका रंग उघड होतो. मात्र पांढरा राहिला म्हणून दगड खरा ठरत नाही, कारण राळेने बंदिस्त केलेला रंग सुटत नाही आणि अॅसिटोनने खऱ्या दगडावरील मेणाची जिल्हई जाऊ शकते. तापवलेली सुई टोचून प्लॅस्टिकचा वास घेण्याची युक्ती सांगितली जाते. ती खरा दगडही कायमचा डागाळते, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये. हाताला लागणारा थंडावा प्लॅस्टिक ओळखायला उपयोगी पडतो, हौलाइट ओळखायला नाही.

कोंदणाची मागची बाजूही बोलकी असते. खडा मागून पूर्ण झाकलेला असेल तर त्याची जाडी आणि पाठ दिसत नाही. पातळ चकती काळ्या लुकणावर चिकटवलेली असू शकते. ही रीत अमेरिकी कारागिरांतही आहे आणि ती नेहमी फसवणूकच असते असे नाही, पण खड्याचे वजन सांगून किंमत मागितली जात असेल तर पाठ बंद असलेल्या खड्याचे वजन कोणी कसे केले, हे विचारायला हरकत नाही.

राळ मुरवली आहे की नाही, हे भिंगाने निश्चित कळत नाही; त्यासाठी अवरक्त वर्णपटमापन लागते. जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत अशा तपासण्या होतात, मुंबईतही आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळांची केंद्रे आहेत. पण हजार-दोन हजारांच्या अंगठीसाठी प्रमाणपत्राचा खर्च आणि टपाल यांचा मेळ बसत नाही. तेथे सोपा मार्ग हा की खडा मुरवलेला व रंगवलेलाच आहे असे गृहीत धरून किंमत द्यावी. मागणाऱ्याने नैसर्गिक निशापुरी पेरोजाची किंमत मागितली, तर तसे लिहून आणि प्रमाणपत्रासह देण्याची जबाबदारी त्याची आहे.

पेरोजाची किंमत ठरते ती रंगावर. डाग नसलेला, एकसंध, मध्यम गडद आकाशी निळा दगड इराणी परंपरेत सर्वोत्तम गणला जातो. बारीक, जाळीदार काळ्या शिरांच्या दगडाला अमेरिकेत वेगळी मागणी आहे. फिका, खडूसारखा किंवा डागाळलेला हिरवा सर्वांत स्वस्त. तिबेटी मंडळींना मात्र जुना, हिरवट झालेला दगडही प्रिय असतो. या बाबतीत रुचीचा भाग मोठा असल्याने चांदीसारखा रोजचा भाव पेरोजाला नसतो, आणि मोडताना सराफ खडे काढून परत हातात ठेवतो.

पावती आणि तक्रार

पावतीवर नगाचे एकूण वजन, खडे वगळून धातूचे निव्वळ वजन, टंच किंवा शुद्धतेचा आकडा, त्या दिवशीचा भाव, मजुरी, खड्याचे नाव व त्यावरील प्रक्रिया आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर इतके वेगवेगळे लिहून घ्यावे. हॉलमार्क असलेल्या नगाच्या पावतीवर धातूचे निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिणे बंधनकारकच आहे. 'चांदीचा हार, खड्यासह, एक नग' अशा पावतीच्या बळावर पुढे काही सिद्ध करता येत नाही. खड्यांसह वजन करून सगळ्याला चांदीचा भाव लावणे हा जुना प्रकार आहे. मोठ्या खड्यांच्या हारात त्याने शेकड्याने रुपये वाढतात. जुना दागिना मोडून नवा घेताना दोन्हींचे टंच एकाच यंत्रावर, समोर काढून घ्यावेत.

हॉलमार्क केलेला दागिना छापलेल्या शुद्धतेपेक्षा हलका निघाला तर भारतीय मानक ब्युरोच्या २०१८ च्या नियमांतील नियम ४९ नुसार, विकलेल्या वजनातील शुद्धतेच्या तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळतो. हॉलमार्क नसलेल्या मालासाठी आणि खड्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आधार आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक तक्रार नोंदवता येते आणि या कायद्यानुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते. खरेदी निपाणीत झाली असो वा कोल्हापुरात, म्हापशाच्या गिऱ्हाइकाला त्यासाठी पुन्हा कोगनोळीचा नाका ओलांडावा लागत नाही.